जातो म्हणवणारा नाका

एका राज्यात, दिवस कासराभर वर असताना, राजरस्त्याच्या नाक्यावर मिठाचे बैल माणसांवाचून परत आले. गोण्या जशाच्या तशा होत्या. कासरे जमिनीवर लोळत होते. हाकणारा एकही नव्हता.

त्या तांड्यात भिवराचा धाकटा भाऊ कोंडाजी होता. आई गेल्यापासून भिवरानेच त्याला वाढवले होते. त्याच्या लाडक्या बैलाच्या, ढवळ्याच्या गळ्यात हात घालून ती म्हणाली, "तू बोलू शकला असतास तर!"

आणि तिथेच थबकली. तांडा निघाला तेव्हा ती नाक्यावर होती. कोंडाजीने रीतीप्रमाणे म्हटले होते, "अक्का, येतो." नाक्यावरच्या शिपायाने भाला आडवा धरला होता. "निघालास ना? मग येतो कसला? खोटी जबानी चालणार नाही. जातो म्हण." सगळ्या तांड्याला त्याने तसेच म्हणायला लावले. बैलांना मात्र कोणी काही म्हणायला लावले नव्हते.

भिवरा दरबारात गेली. राजाने हा रस्ता खडककुळ, पाणकुळ आणि राखकुळ या तीन कुळांच्या मुलखांतून सरळ काढला होता. कुळांना विचारले नव्हते. सीमेवरचे तीन जुने दगड आडवे आले, ते उपटून गटारात टाकले होते.

"बैल सुखरूप आले," प्रधान म्हणाला. "अर्थात रस्त्यात दोष नाही."

"मग पुढच्या खेपेला प्रधानजींनी स्वतः जावं," भिवरा म्हणाली. "आणि नाक्यावर मोठ्याने जातो म्हणावं."

दरबारात कोणी हसले नाही. प्रधानाने तिला बाहेर काढले.

तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून तिने मिठाचा एक खडा तोंडात धरला, ढवळ्याचा कासरा हातात घेतला आणि नाक्यावर आली. "जाते म्हण," शिपाई म्हणाला. तिने तोंडावर बोट ठेवले, मान हलवली. शिपायाने तिच्याकडे पाहिले, बैलाकडे पाहिले. मुक्यांसाठी त्याच्यापाशी हुकूम नव्हता. भाला वर गेला.

खडककुळाच्या मुलखात रस्त्याच्या मधोमध टिटवीची अंडी होती, खडीच्या रंगाची. भिवराने ढवळ्याला वळसा घालून नेले. टिटवी ओरडली नाही. ती म्हणाली, "दगड उपटले, तेव्हापासून या वाटेला कान उगवलेत. जे ऐकते ते खरं करते. पुढे तुला कोणी कुठे म्हणून विचारील. सांगू नकोस. मागून हाक येईल. वळू नकोस. आणि भाऊ भेटला की त्याच्या तोंडून ते वदवून घे, जे नाक्यावर त्याला म्हणू दिलं नाही."

थोड्या वेळाने तिच्या पावलांखालून आवाज आला. "कुठे चाललीस?" घसा कोरडा, खडी चावल्यासारखा. खडककुळात निघालेल्याला कुठे म्हणून विचारत नसत. असे का, ते भिवराला आता कळले. तिने खडा गालात घट्ट धरला. आवाज बराच वेळ पायांखालून तिच्याबरोबर चालला, मग मागे पडला.

पाणकुळाच्या मुलखात मागून आईने हाक मारली. "भिवरे, घोटभर पाणी तरी पिऊन जा गं." आवाज आईचाच, शब्दही तिचेच. भिवराची मान वळू लागली. ढवळ्याने कासऱ्याला हिसका दिला आणि तिला पुढे ओढले. खडा आता डाळीच्या दाण्याएवढा उरला होता.

राखकुळाच्या मुलखात तांडा दिसला. माणसे चालत होती, पण पुढे सरकत नव्हती. त्यांच्या पायांखालचा रस्ता तेवढा मागे वाहत होता. धूळ उडत नव्हती.

मिठाची शेवटची चव जिभेवरून गेली. "कोंड्या!"

"अक्का?" कोंडाजी चालता चालताच म्हणाला. "पुढचं गाव आलं की थांबतो."

"जातो म्हणतात का रे, मेल्या? आईने काय शिकवलं होतं?"

"मेल्या म्हणू नकोस, अक्का. इथे खरं होतं."

भिवराने जीभ चावली. ती रस्त्यात पाय रोवून उभी राहिली. "मी थांबते. तू माझा निरोप घे. नीट घे."

"अक्का," तो म्हणाला, "येतो."

"ये रे."

कोंडाजीचे पाय थांबले. त्यांच्याभोवती धूळ उडाली. मग बाकीचे एकेक करून म्हणू लागले, "येतो, अक्का." प्रत्येकाला ती "या" म्हणाली, आणि प्रत्येक जण सुटला. पण निरोप देणारी ती एकटी होती. तिचे "थांबते" वाटेने ऐकले होते, खडी तिच्या घोट्यांपर्यंत चढली होती.

"आणि तू कुणाला म्हणणार?" कोंडाजी तिचा हात ओढू लागला. "आम्ही सगळे निघालेले. थांबणारं कोण आहे इथे?"

तेवढ्यात टिटवी येऊन समोर उतरली. "मी आहे. माझी अंडी याच रस्त्यात आहेत, मला हा रस्ता सोडून जाता येत नाही. मला सांग."

"येते, बाई."

"ये. पण ये हं. नुसतं म्हणू नकोस."

खडी सैल झाली.

परत आल्यावर तांड्याने गटारातून तिन्ही दगड काढले आणि ज्या त्या सीमेवर उभे केले. राजाला विचारले नाही. त्याच क्षणी वाटेचे कान मिटले. तांड्याची हकिकत ऐकून राजाने तिन्ही कुळांची माफी मागितली आणि रस्ता टिटवीच्या अंड्यांना वळसा घालून फिरवला. भिवरा दर साली मिठाचा तांडा घेऊन त्या वळणावर जाते. शब्द दिला होता, तो पाळते.

राहिला शिपाई. राजा म्हणतो, तो प्रधानाने नेमला. प्रधान म्हणतो, राजाने. तिन्ही कुळे म्हणतात, आमचा नव्हे. तांडा परतला तेव्हा भाला नाक्यावर जमिनीत रोवलेला होता आणि त्याच्याजवळ कोणी नव्हते. तो निघताना येतो म्हणाला की जातो, हे कोणीही ऐकलेले नाही.