थट्टामाफी

गजकेसरी महाराजांना थट्टेचा भारी नाद! राज्याच्या वेबसाइटवर "उद्या फुकट गूळ, डबे घेऊन या" असं टाकायचं आणि उन्हात ताटकळणारी रांग गच्चीतून बघत पोट धरून हसायचं. शेवटी ती वेबसाइट सांभाळणाऱ्या सगुणेनं, बुरडाच्या लेकीनं, एक ॲड-ऑन बनवलं. नाव ठेवलं ‘थट्टामाफी’. ब्राउझरला जोडलं की महाराजांची थट्टा पडद्यावर येण्याआधीच गडप! आठवड्यात ते घरोघरी पोचलं आणि वाड्यासमोर चिटपाखरू फिरकेना.

महाराज खवळले. सगुणेला दरबारात उभं केलं.

"राजाला साधी थट्टा करायचाही हक्क नाही?"

"आहे की, महाराज! आम्हाला फक्त माफी हवी."

"अस्सं? मग मी आत्ता एक संदेश टाकतो. तुझ्या ॲड-ऑननं थट्टा आत सोडली किंवा खरा हुकूम अडवला, तर तुझी नोकरी गेली! आणि थट्टा की हुकूम, ते मीच सांगणार. मागाहून!"

प्रधानजी खुदकन हसले. सगुणेनं मनात हिशेब मांडला. घरात कमावती ती एकटी, आणि ॲड-ऑननं काहीही केलं तरी महाराज उलटंच बोलणार!

"महाराज, भर दरबारात खरा म्हटलेला हुकूम मग फिरायचा नाही ना?"

"माझा हुकूम? छे!"

सगुणेनं संगणकावर दोन कळा दाबल्या. "टाका, महाराज."

महाराजांनी मिशीत हसत टाकलं, "ओढ्यावरचा पूल उद्यापासून बांधायला घ्या."

पडद्यावर उमटलं, "थट्टा होती. अडवली."

"चुकलीस!" महाराज सिंहासनावरून उठलेच. "खरा हुकूम होता तो!"

"हरले, महाराज!" सगुणेनं मुजरा केला. "प्रधानजी, लिहून घ्या. उद्या पूल सुरू!"

प्रधानजींचा चेहरा उतरला. पंधरा वर्षं त्या पुलाची नुसती भूमिपूजनंच चालली होती.

"अगं थांब! थट्टा होती ती!"

"मग जिंकले की, महाराज!"

महाराज मटकन खाली बसले. "पण त्यानं ओळखलं कसं?"

"ओळखतंय कुठलं! मघाशी त्याला सांगितलं, वाड्यातून येईल ते सगळंच अडव. थट्टा निघाली तर माझी नोकरी राहते, हुकूम निघाला तर गावाला पूल मिळतो!"

महाराज इतके हसले, इतके हसले की मुकुट कानावर आला. त्यांनी अंगावरची शाल काढून सगुणेच्या खांद्यावर घातली.

"पूलही बांधा आणि हिची नोकरीही कायम! आणि पोरी, हे ॲड-ऑन आधी माझ्या संगणकावर बसव. प्रधानजी मला रोज सकाळी ‘राज्यात सर्व क्षेम आहे’ असं पाठवतात!"