हरवलेला ‘किंवा’

एका राज्यात एका शब्दाची चोरी झाली. चोर होता जादूगार कालजिव्ह. राजा पृथुसेनाने त्याला बक्षीस देताना विचारले होते, “सुवर्ण किंवा भूमी, काय देऊ?” कालजिव्हाला दोन्ही हवे होते. तो संतापला. “मला निवडायला लावतोस? आजपासून तुझ्या राज्यात कोणालाच निवडता येणार नाही!” असे म्हणून त्याने सर्वांच्या जिभेवरचा ‘किंवा’ उपटला, तांब्याच्या डबीत कोंडला आणि आपल्या खजिन्यात ठेवला.

त्या दिवसापासून वैद्य म्हणे, “काढा, लेप,” आणि रोगी दोन्ही पिऊन टाकी. दोन वाटा फुटत तिथे वाटसरू उभेच राहत. आणि न्यायाधीशांच्या तोंडून ‘अपराधी किंवा निरपराध’ यातला पहिलाच शब्द निघे.

त्या राज्यात केतकावती नावाची नावाडीण होती. तिचा धाकटा भाऊ सारंग राणीला पैलतीरी नेत असता राणीचा रत्नहार नाहीसा झाला. सारंगला पकडले. न्यायाधीश म्हणाले, “अपराधी.” आठव्या दिवशी सकाळी सूळ ठरला.

केतकावती राजापुढे उभी राहिली. “महाराज, त्याने हार घेतला नाही.”

“मलाही तसेच वाटते, बाई,” राजा खिन्नपणे म्हणाला. “पण न्यायाच्या तोंडी दुसरा शब्दच नाही.”

“मग चोरीला गेलेला शब्द मी परत आणते,” असे म्हणून ती निघाली.

रानाच्या कडेला उंबरावर एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, “कालजिव्हाच्या गडाला तीन दारे आहेत. प्रत्येक दारी तुला निवडावे लागेल. जो तिन्ही दारी अडत नाही, त्याच्यापुढे डबी आपोआप उघडते.”

“आणि जो अडतो?”

“तो तिथेच राहतो.”

पहिल्या दारी दगडी पहारेकरी दोन हातांत दोन कलश धरून उभा होता. “एक पी,” तो म्हणाला. भोवती पुष्कळ माणसे दगड होऊन उभी होती. प्रत्येकाचा हात दोन कलशांच्या मधोमध थबकलेला. केतकावतीने पाहिले, हुंगले, पाणी एकसारखेच. कोणतेही चालेल, हे ओळखून तिने जवळचा कलश तोंडाला लावला. दार उघडले.

दुसऱ्या दारी एक म्हातारी सूत कातत होती. “मला एक देऊन जा,” ती म्हणाली. “भावाची आठवण. उजव्या हाताचे बळ.”

केतकावतीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. त्याच हाताने ती पुरातून नाव काढीत असे. त्याच हाताने तिने पोरक्या सारंगला भरवले होते. पण आठवण दिली तर पुढे जायचे कोणासाठी?

“हात घ्या, आजी,” ती म्हणाली. म्हातारीने सूत तोडले आणि हात लुळा पडला. केतकावतीने डोळे पुसले ते डाव्या हाताने. दार उघडले.

तिसऱ्या दारी खजिन्यावर खुद्द कालजिव्ह बसला होता. तो चोरलेला शब्द त्याला एकट्यालाच बोलता येई. “माझी राणी हो किंवा दासी हो,” तो हसून म्हणाला. “सांग!”

“राणी नाही. दासीही नाही.”

“दोहोंतले एक घ्यावेच लागेल!”

“तुम्ही पुढे केलेत म्हणून मी घ्यावे असे कुठे आहे?”

कालजिव्ह उठणार तोच डबीचे झाकण उडाले. आतून जोंधळ्याएवढा तेजाचा दाणा निघाला. तो जिभेखाली धरून, ओठ घट्ट मिटून, केतकावती धावत सुटली.

आठव्या दिवशी सकाळी ती पोहोचली तेव्हा सारंग सुळाखाली उभा होता. न्यायाधीश म्हणाले, “अपराधी...” आणि नेहमीप्रमाणे थांबले.

“किंवा!” केतकावती ओरडली.

दाणा फुटला. शब्द चौकातून घुमला, घाट उतरला, घराघरांत शिरला. न्यायाधीशांची जीभ सुटली. “किंवा निरपराध!” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “साक्षी काढा. नदी धुंडा.”

पाणबुड्यांनी दोन प्रहर नदीचा तळ चाळला. हार धक्क्याच्या खांबाला गाळात अडकलेला सापडला. राणीने स्वतः सारंगची क्षमा मागितली. चौरस्त्यावर तटलेले लोक आपापल्या वाटेला लागले.

दुसऱ्या दिवसापासून वल्ही सारंगच्या हाती आली. सुकाणू केतकावती डाव्या हाताने धरी. नाव मधोमध आली तेव्हा त्याने विचारले, “अक्का, वरच्या किंवा खालच्या, कोणत्या घाटाला लावू?”

वरच्या घाटावर सावली होती, खालच्यावर माणसे हाका मारीत होती. तिने दोन्हीकडे पोटभर पाहून घेतले.

“खालच्या,” ती म्हणाली, आणि नाव वळली.