बस्त्यावचा पहिला घाव

ऐका, फार वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्र तेव्हा आपल्या करंजवाडीपासून आणखी दोन शेतं लांब होता. वसईच्या या पट्ट्यात बस्त्याव नावाचा माणूस बावखलं खोदायचा. बावखल म्हणजे केळीच्या वाड्या शिंपायला खोदलेलं तळं. असं म्हणतात, की तो जमिनीला कान लावून गोडं पाणी कुठे आहे ते सांगायचा.

बापाच्या बावखलावरून त्याचं आणि थोरला भाऊ नतालचं वाजलं. नतालने त्याला रहाटाला हात लावू दिला नाही. तुझं पाणी तुला लखलाभ, असं म्हणून बस्त्याव स्वतःच्या वाडीत खोदू लागला. पहिल्या खड्ड्याला पाणी लागलं ते खारं. दुसऱ्यालाही खारं. तिसरा तीन पुरुष खोल गेला, तरी खारंच. केळींनी माना टाकल्या, लोक हसले. पण त्याचं खरं दुःख वेगळंच होतं. घास गोड लागेना, देवळात बसूनही जीव थाऱ्यावर येईना.

खोदण्याआधी गुडघे टेकून 'आमच्या बापा' ही देवानेच शिकवलेली प्रार्थना म्हणायची, अशी त्याची रीत होती. एका सकाळी त्याची बायको रेजिना घमेलं खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही एक ओळ गिळता. आमच्या अपराध्यांना आम्ही माफ करतो, ती. वर्षभर ऐकतेय मी."

खरंच होतं ते. जे मनात नाही ते देवापुढे कसं बोलायचं, म्हणून तो ती ओळ सोडून द्यायचा. देवाला फसवायचं नाही म्हणून देवाचेच शब्द गाळणारा भाबडा माणूस!

तो तसाच कुदळ खांद्यावर टाकून नतालच्या वाडीत गेला. नतालला वाटलं, हा मारायलाच आला. बस्त्यावने गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली. त्या ओळीपाशी येऊन तो अडला. तेव्हा नतालनेच ती ओळ म्हटली, रडत रडत म्हटली, आणि मग दोघांनी मिळून.

असं म्हणतात, की त्याच दुपारी दोघा भावांनी एकाच कुदळीला हात घालून बांधावर घाव घातला आणि गुडघाभर खोलीवर शहाळ्यासारखं गोड पाणी लागलं. ते तिन्ही खारे खड्डेही संध्याकाळपर्यंत गोडे झाले. तुम्ही मानू नका, मी मानतो. बस्त्याव मग असा शांत झाला, की गावातली भांडखोर कुत्रीसुद्धा त्याच्या पायाशी येऊन पडायची. पुढे त्याने बावीस बावखलं खोदली. मजुरी विचारली की म्हणायचा, "ज्याच्याशी बोलत नाहीस त्याला घेऊन ये. पहिला घाव दोघांचा."

करंजवाडीत आजही विहीर असो की बोअर, आधी बस्त्यावच्या नावाने दोघांचा घाव पडतो. गेल्या साली माझ्या दारात बोअरची गाडी येऊन उभी राहिली, आणि मी नऊ वर्षांनी चुलतभाऊ मनवेलच्या दारात. तो चपला घालून माझ्याबरोबर निघाला. देवाचे आभार, आणि बस्त्यावचेही. पाणी किती फुटांवर लागलं ते मला आता आठवत नाही. मनवेल संध्याकाळी जेवून गेला.