वायर नसलेली ट्रेडमिल

प्राणीसुद्धा घरी यंत्रं मागवत, त्या काळची गोष्ट. कुत्र्याच्या धास्तीने गोजी सशिणीने बाहेर पळणं सोडलं आणि बिळात ट्रेडमिल आणवली. खोकं उघडलं, दांडे जोडले, स्क्रू आवळले. पण वायर काही सापडेना.

"विसरले वाटतं मेले!" म्हणत ती सहज पट्ट्यावर चढली, तर पट्टा सरकलाच!

गोजी दचकून पळू लागली. ती जोरात पळे तसा पट्टा खडखडे, आणि खडखडाट ऐकून ती आणखी जोरात पळे.

"अहो, कुणीतरी थांबवा याला!" ती हाका मारमारून रडकुंडीला आली.

शेवटी पायाखालून धापा टाकत पट्टाच म्हणाला, "ताई, मला तुम्हीच पळवताय हो! तुम्ही थांबलात, तर मीही जरा टेकेन म्हणतो."