बियाण्याचे कोठार आणि झिप्रू

एका राज्यात सुवर्चला नावाची राणी होती. घोडा तिच्या टाचेच्या इशाऱ्यावर वळे, सेनापती नुसत्या भुवईवर. तिच्या पित्याने कालकेतू मांत्रिकाला भर दरबारात हिणवले होते, म्हणून मांत्रिकाने राज्याच्या बियाण्याच्या कोठाराला शापाचे दगडी दार लावले. पिता गेला, शाप राहिला. पेरणी तोंडावर आली, तेव्हा राणी स्वतः मांत्रिकाचा डोंगर चढली. त्याने हसून तिच्या ओंजळीत कुत्र्याचे एक झिपरे पिल्लू ठेवले.

"हे तुझ्या एका हाकेसरशी, आपखुशीने, कोठारापाशी तुझ्याकडे येईल, त्या दिवशी दार उघडेल. दोरी बांधलीस, तर दार कायमचे मिटेल."

एवढेच ना, असे राणीला वाटले.

पिल्लाचे नाव तिने झिप्रू ठेवले, आणि त्या सांजेपासून राजवाड्याची दैना सुरू झाली. झिप्रू आईसाठी रडला की वाड्यातले दिवे विझत. तो मुतला की फरशीतून काटेरी झुडूप उगवे. त्याने सिंहासनाचा पाय कुरतडला, तेव्हा सिंहासन कण्हू लागले. राणी ओरडे, पिल्लू पलंगाखाली दडे. तिची झोप उडाली, ताटातले अन्न निवू लागले. एके दिवशी भर दरबारात तिला प्रधानाचे नावच आठवेना. ती उठली, न्हाणीघरात गेली, दार लावून घेतले आणि रडली. पिल्लू परत करावे असे तिच्या मनात आले, आणि तसे आल्याची तिला लाज वाटली.

न्हाणीघराच्या झरोक्यात भारद्वाज पक्षी बसला होता. राजघराण्याला सल्ला देणे हे त्याचे पिढीजात काम.

"महाराणी," तो म्हणाला, "पिल्लाला वाडा मोठा पडतो. त्याला एक कोपरा द्या."

राणीने आपल्या महालातला एक कोपरा टोपल्यांनी अडवला, तिथे अंगावरचा शेला अंथरला आणि शेजारी जमिनीवर पाठ टेकली. रडण्याची कुरकुर झाली, कुरकुरीचे घोरणे झाले. दिवे तेवत राहिले.

मग भारद्वाजाने दुसरे काम सांगितले. पिल्लू उठले, जेवले, खेळले की त्याला परसात न्यावे. तिथे विधी उरकला तर कौतुक करावे, घरात उरकला तर मुकाट्याने पुसावे. राणी सीमेवरच्या बातम्याही परसात उभी राहून ऐकू लागली. हळूहळू काटेरी झुडपे परसातच उगवू लागली, आणि गोठ्याला आयतेच कुंपण मिळाले.

तिसरे काम हाकेचे. "रागवायला कधीही हाक मारू नका," एवढेच पक्षी म्हणाला. झिप्रूने जोडा पळवला, तर राणी स्वतः उठून तो काढून घेई. हाक मारी ती फक्त घास द्यायला, नाहीतर कुशीत घ्यायला.

शेते नांगरून झाली आणि राणी झिप्रूला घेऊन कोठाराकडे निघाली. दारापाशी कालकेतू उभा होता. त्याने हातातला जादूचा दंड फिरवला, तशी डोंगरावरून एका कुत्रीची साद आली. झिप्रूने आईचा आवाज ओळखला आणि तो तीरासारखा सुटला. सेनापतीने दोरी काढली. राणीने त्याचा हात धरला.

ती धुळीत मांडी घालून बसली. तिने आवाज चढू दिला नाही.

"झिप्रू, ये."

पिल्लू थबकले. डोंगराकडे पाहिले, राणीकडे पाहिले. मग कान उडवत धावत आले आणि तिच्या मांडीवर कोलमडले.

दगडी दार उघडले. आतून कोरड्या धान्याचा वास आला. कालकेतूच्या हातातल्या दंडाला पालवी फुटली, त्यातली विद्या विरून गेली, आणि डोंगरावर झिप्रूच्या आईला जखडणारी साखळी आपोआप तुटली. थोड्या वेळाने एक रोड कुत्री वाट उतरून आली. झिप्रू तिच्याकडे धावला, मग राणीकडे, पुन्हा तिच्याकडे. शेवटी दमून दोघींच्या मधोमध झोपला.

लोक बियाणे घेऊन शेतांकडे गेले. दरबार केव्हा भरवायचा, हे विचारायला प्रधान आला.

"तो उठला की," राणी हळूच म्हणाली.

त्या राज्याचे मिटलेले दार जसे उघडले, तशी ऐकणाऱ्यांचीही दारे उघडोत.