लखूचे दोन हार

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा जावई होऊ घातला होता. नाव लखू. भोळा हा शब्द मी त्याच्या आईकडे बघून वापरतोय. गावात दुसरा शब्द चालायचा.

सासरे होऊ घातले होते भिवा घडशी, ढोल-ताशा-सनईच्या बाज्याचे वस्ताद. वाजवणारी पोरं मुंबईला गेली आणि त्यांचा बाजा बंद पडायला आला. तेव्हा त्यांची मुलगी सुगंधा तालुक्याला शिकून आली आणि तिनं लॅपटॉपवर ढोल-ताशा बसवला. बोल टाइप करायचे, ते वाजू लागतात. वाजता वाजता अक्षरं बदलली की ठेका बदलतो. मागच्या पांढऱ्या पडद्यावर ती अक्षरं उमटतात आणि गाव तोंड उघडं टाकून बघतं.

एवढं सगळं मुलीनं केलं, म्हणून वस्तादांनी बाजा जावयाला द्यायचं ठरवलं. अक्कल त्यांनाही बेताचीच. लखूच्या बापाला शब्द दिला होता, साखरपुडाही उरकला होता. सुगंधाला कोणी विचारलं नव्हतं. आपण जाणार, आपला बाजा जाणार, आणि तोही या ठोंब्याच्या हाती. तिला अन्न गोड लागेना.

वस्तादांनी धडा दिला. "ढोल बारा मात्रांचा, ताशाचा तुकडा तीनचा. छोटं संपलं की पुन्हा घ्यायचं, मोठं समेवर येईपर्यंत. कळलं?"

"कळलं. छोटं संपलं की पुन्हा घ्यायचं."

शाळेच्या गॅदरिंगला लखू लॅपटॉपवर बसला. माईकचा आवाजही त्यातूनच जायचा. मागे ढोल हळू चालू होता. सरपंच उठले. "मी फक्त दोन शब्द बोलतो," म्हणाले आणि ठसका लागला म्हणून पाणी प्यायला थांबले. लखूनं पाहिलं, ढोल तर अजून चालूच आहे, सरपंच छोटे पडले. त्यानं सरपंचांना पुन्हा घेतलं. "मी फक्त दोन शब्द बोलतो. मी फक्त दोन शब्द बोलतो." सोळा वेळा. सरपंच हातात पेला धरून उभे, तोंड बंद आणि भाषण चालू. पोरं हसून बाकांवरून खाली पडली.

"गाढवा!" वस्ताद घरी येऊन ओरडले. "माणसाला पुन्हा पुन्हा वाजवतात? मापं जुळत नसली तर मोठं असेल ते आवळायचं. छोट्याच्या एका फेरीत बसवायचं."

"कळलं. मोठं आवळायचं."

महिन्याभरात जुने हेडमास्तर वारले. शोकसभेत दोन मिनिटं शांतता आणि मग हळू ढोलावर सनई, असं ठरलं होतं. लखूनं हिशेब केला. दोन मिनिटं म्हणजे फारच मोठं. ढोलाची फेरी चार सेकंदांची. त्यानं शांतता आवळली. लोकांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले, आणि दणदणीत ढोल सुरू झाला. हेडमास्तरांच्या बायकोच्या हातातला चष्मा खाली पडला. मागच्या रांगेतला एक म्हातारा सवयीनं नाचायला उठला. सुगंधा शरमेनं अर्धमेली झाली.

"बाबा," ती म्हणाली, "याला लॅपटॉपपासून लांब ठेवा. आणि माझ्यापासूनही."

"शिकेल गं," वस्ताद म्हणाले आणि लखूकडे वळले. "तुझी मोजणी मध्ये घुसवायचीच नाही. समोरच्याकडे बघायचं. तो जिथं ठोका देईल तिथंच द्यायचा. तो करेल तसंच करायचं. अगदी तसंच!"

"कळलं. समोरचा करेल तसंच."

आठ दिवसांनी लग्न होतं. सुगंधानं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. वस्ताद ढिम्म हलले नाहीत.

मंगलाष्टकं झाली. आंतरपाट सरला. सुगंधानं हार उचलला. लखूनं हार उचलला. ती एक पाऊल पुढं आली, तोही एक पाऊल पुढं आला. तिनं हात वर केले, त्यानंही केले. कुठंच मात्रा चुकली नाही. वस्तादांचे डोळे भरून आले. "जुळलं!" ते शेजाऱ्याला म्हणाले.

सुगंधानं हार लखूच्या गळ्यात घातला.

लखूनंही हार लखूच्या गळ्यात घातला.

"अहो, मुलीच्या गळ्यात!" भटजी किंचाळले.

"असं कसं?" लखू म्हणाला. "तिनं लखूच्या घातला, मीपण लखूच्याच घातला. अगदी तसंच."

हसून हसून मांडवात कोणाला श्वास घेता येईना. सुगंधानं कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या.

"बरोबर आहे, भटजी," ती म्हणाली. "नवऱ्यानं नवऱ्याला वरलं. लग्न लागलं. मी मोकळी." आणि ती सरळ जाऊन लॅपटॉपवर बसली. असा ठेका तिनं धरला की जेवायला बसलेले लोक घास हातात घेऊन डोलू लागले. वस्तादांनी तिच्यासमोर मान खाली घातली, या खेपेला पूर्ण दोन मिनिटं.

फोटोवाला तेवढा अडून राहिला. "जोडीचा फोटो राहिलाय. नवरी कुठंय?"

लखूनं गळ्यातले दोन्ही हार नीट केले आणि ताठ बसला.

"हार दोन्ही आलेत," तो म्हणाला. "तू काढ जोडीचा."