इवलीचा दाणा आणि थांबलेलं विमान

एक होती मुंगी. तिचं नाव इवली. ती राहायची विमानतळावर.

एकदा इवलीला बुंदीचा दाणा सापडला. पिवळा पिवळा, गोड गोड. दाणा सुटला, टुणुक टुणुक! गेला एका फटीत. फटीवर उभं होतं विमानाचं भलंमोठं चाक.

इवली म्हणाली, "विमानदादा, विमानदादा, हल ना रे! माझा दाणा मिळेना."

विमान म्हणालं, "परवा धुकं होतं. काल पाऊस होता. उशीर झाला की बोलणी मलाच! आज दार उघडं आहे. दार लागल्याशिवाय मी नाही हलणार."

इवली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. दारात होती हवाईसुंदरी रेश्माताई.

"रेश्माताई, रेश्माताई, दार लाव ना गं! दार लागेना, विमान हलेना, माझा दाणा मिळेना."

रेश्माताई म्हणाली, "एक आत्या यायच्या राहिल्यात. त्यांना सोडून कशी जाऊ? आत्या आल्याशिवाय मी नाही दार लावणार."

इवली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. बाकावर होती आत्या. लाल लाल टोपडं विणत होती.

"आत्याबाई, आत्याबाई, चला ना हो! आत्या येईना, दार लागेना, विमान हलेना, माझा दाणा मिळेना."

आत्या म्हणाली, "अगं, मलाच किती घाई! तिकडे मस्कतला माझ्या भावाचं बाळ आहे. उद्या बारसं. आत्याच नसेल, तर नाव कोण ठेवणार? पण गुडघे दुखतात गं बाई! खुर्ची पळाल्याशिवाय मी नाही येणार."

शेजारीच होती चाकांची खुर्ची.

"खुर्चीताई, खुर्चीताई, पळ ना गं! खुर्ची पळेना, आत्या येईना, दार लागेना, विमान हलेना, माझा दाणा मिळेना."

खुर्ची म्हणाली, "चाकात धागा अडकलाय. धागा सुटल्याशिवाय मी नाही पळणार."

"धागेदादा, धागेदादा, सुट ना रे! धागा सुटेना, खुर्ची पळेना, आत्या येईना, दार लागेना, विमान हलेना, माझा दाणा मिळेना."

धागा म्हणाला, "मी आत्याच्याच लोकरीचा! खाली लोळलो, चाकात गुरफटलो. माझं टोक आत आहे. तिथे कुणाचं बोट शिरत नाही. कुणी ओढल्याशिवाय मी नाही सुटणार."

इवलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. जो तो वाट बघत बसलेला!

"मी ओढते!"

आत्या हसली. "एवढीशी तू? नाव काय गं तुझं?"

"इवली! आणि एवढीशीच लागते तिथे!"

इवली शिरली चाकात. धरलं टोक. ओढलं. ओढलं. हूंऽऽऽ!

सुर्रर्र! धागा सुटला.
गडगड गडगड! खुर्ची पळाली.
आत्या आली.
धप्प! दार लागलं.
घर्रर्र! विमान हललं.
फट मोकळी झाली.
इवलीला दाणा मिळाला. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम!

दुसऱ्या दिवशी मस्कतला पाळणा हलला. आत्याने बाळाला लाल टोपडं घातलं. बाळाच्या कानात केलं, "कुर्रर्र!"

आणि हळूच नाव सांगितलं.

"इवली!"